फोल्डर दिसत नाही, कॉपी होत नाही? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

पेनड्राइव्ह लावला आणि आत काहीच नाही, किंवा फोल्डरच्या जागी सगळे बाणवाले शॉर्टकट झालेत, किंवा कॉपी अर्ध्यात अडकून बसलीय, असं झालं की बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो, फॉरमॅट मार. कृपा करून मारू नका. लग्नाचे फोटो, मुलीचा कॉलेजचा प्रोजेक्ट, सोसायटीचे हिशोब, जमिनीची स्कॅन केलेली कागदपत्रं असं सगळं त्या सोळा जीबीत असतं आणि दुसरी कॉपी कुठेच नसते. आणि बऱ्याचदा डेटा जागच्या जागीच असतो, फक्त दिसत नसतो. तेव्हा आधी गेलंय की लपलंय ते तपासायचं, मगच हात लावायचा.

तपासायचं कसं, तर धिस पीसी उघडा, त्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज घ्या आणि यूज्ड स्पेस बघा. ड्राइव्ह उघडल्यावर रिकामा दिसतोय पण यूज्ड स्पेस ११ जीबी दाखवतोय, म्हणजे डेटा आत आहे, लपलाय. निवांत व्हा, पुढचा भाग तुमच्यासाठीच आहे. यूज्ड स्पेस जेमतेम काही केबी-एमबी असेल तर फाइल डिलीट झाल्यात, मग त्या ड्राइव्हवर नवीन काहीही टाकू नका, कारण डिलीट केल्यावर डेटा लगेच पुसला जात नाही, ती जागा फक्त मोकळी म्हणून नोंदवली जाते आणि नवीन फाइल आली की ती त्याच जागेवर बसू शकते. अशा वेळी विंडोज फाइल रिकव्हरी किंवा रेकुव्हा सारखं टूल चालवायचं आणि सापडलेल्या फाइल दुसऱ्याच ड्राइव्हवर काढायच्या. तिसरा प्रकार म्हणजे ड्राइव्ह उघडायलाच गेलं की विंडोज म्हणतं वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल, तिथे कॅन्सल दाबा. फाइल सिस्टीम, म्हणजे कुठली फाइल ड्राइव्हवर कुठे आहे याची मांडणी, बिघडली की हा मेसेज येतो, पण आतला डेटा तेवढ्याने जात नाही, फोटोरेक सारख्या फुकट टूलने बऱ्याच वेळा निघतो.

आता लपलेल्या फाइल बाहेर कशा काढायच्या ते बघू.

विंडोज १० मध्ये फोल्डर उघडून वर व्ह्यू टॅबमध्ये हिडन आयटम्सवर टिक करायची, विंडोज ११ मध्ये व्ह्यू, मग शो, मग हिडन आयटम्स. फिकट रंगात जे फोल्डर दिसायला लागतील ते हिडन केलेले. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली हिडनची टिक काढा, अप्लाय करा आणि विचारलं तर सबफोल्डर आणि फाइल सगळ्यांना लागू करा म्हणा. कोणी मुद्दाम किंवा चुकून हिडन केलं असेल तर एवढ्यात काम होतं.

होत नाही ते दोन ठिकाणी. एक म्हणजे हिडन आयटम्स चालू करूनही काहीच दिसत नाही. दुसरं, फोल्डर दिसतो पण प्रॉपर्टीजमधली हिडनची टिक राखाडी पडलेली असते, क्लिकच होत नाही. दोन्हीचं कारण एकच, त्या फोल्डरला हिडनसोबत सिस्टीम हा अ‍ॅट्रिब्यूटपण (म्हणजे फाइल-फोल्डरवर लावायची खूण) लावलाय. विंडोज स्वतःच्या महत्त्वाच्या फाइलना हे दोन्ही एकत्र लावतं, आणि व्हायरसवाल्यांनी तीच युक्ती उचलली, कारण नेहमीच्या सेटिंगने असे फोल्डर दिसतच नाहीत. ते बघायचे तर फोल्डर ऑप्शन्समध्ये व्ह्यू टॅबवर जाऊन हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स ही टिक काढायची, विंडोज एक इशारा दाखवेल, यस म्हणायचं. काम झालं की ही टिक परत लावून ठेवा हं, घरात दुसरं कोणी कॉम्प्युटर वापरत असेल तर नक्कीच, कारण मग सी ड्राइव्हमधल्या नको त्या फाइलपण दिसायला लागतात आणि कोणीतरी साफसफाई म्हणून उडवतं.

याच भानगडीत डेस्कटॉपवर अचानक डेस्कटॉप डॉट आयएनआय नावाच्या दोन फाइल दिसायला लागतात आणि माणूस घाबरतो की व्हायरस आला. नाही आला. एक तुमच्या यूजरची आणि एक सगळ्या यूजरसाठीच्या पब्लिक डेस्कटॉपची, आधीपासूनच होत्या. तसंच वर्डची फाइल उघडी असताना तिच्या शेजारी लाटेसारखी खूण आणि डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी एक छोटी फाइल दिसते, ती वर्डच बनवतं आणि फाइल बंद केली की जाते.

आता अ‍ॅट्रिब्यूट काढायची कमांड. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, कमांड प्रॉम्प्ट उघडा. फोनवर सांगतात तशी सांगतो, तुम्ही कीबोर्डवर इंग्रजी अक्षरात टाइप करा, आणि पेनड्राइव्हचं अक्षर ई आहे असं धरलंय, तुमचं जी किंवा एच असेल तर ते टाका:

ए टी टी आर आय बी, स्पेस, मायनस एच, स्पेस, मायनस आर, स्पेस, मायनस एस, स्पेस, ई कोलन बॅकस्लॅश स्टार डॉट स्टार, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, स्लॅश डी, एंटर.

मायनस एच म्हणजे हिडन काढ, मायनस आर म्हणजे रीड ओन्ली काढ, मायनस एस म्हणजे सिस्टीम काढ. स्लॅश एस म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरमध्ये जा आणि स्लॅश डी म्हणजे फाइलसोबत फोल्डरवरही हे लागू कर. हा स्लॅश डी लोक हमखास विसरतात, मग फाइल मोकळ्या होतात पण फोल्डर लपलेलेच राहतात. एंटर मारल्यावर कर्सर नुसता लुकलुकत राहतो, काही लिहून येत नाही, हजारो फाइल असतील तर वेळ लागतो, विंडो बंद करू नका. सिस्टीम व्हॉल्यूम इन्फॉर्मेशनबद्दल अ‍ॅक्सेस डिनाइड आलं तर सोडून द्या, तो विंडोजचा फोल्डर आहे. आणि ही कमांड सी ड्राइव्हवर चुकूनही चालवायची नाही, फक्त पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड किंवा डेटाच्या फोल्डरवर.

शॉर्टकटवाला प्रकार

झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला पेनड्राइव्ह दिला आणि परत आला तेव्हा प्रत्येक फोल्डरचा शॉर्टकट झालेला, हे आपल्याकडे इतकं झालंय की लोकांनी त्याला नावच पाडलं, शॉर्टकट व्हायरस. यात तुमचे खरे फोल्डर वर सांगितल्यासारखे हिडन आणि सिस्टीम करून लपवलेले असतात आणि त्यांच्याच नावाने एक-दोन केबीचे शॉर्टकट बनवलेले असतात. शॉर्टकट डबल क्लिक केला की आधी व्हायरसची स्क्रिप्ट चालते आणि मग तुमचा खरा फोल्डर उघडून दाखवतो, त्यामुळे माणसाला वाटतं चालतंय की, आणि तोवर व्हायरस कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसलेला असतो. म्हणून शॉर्टकट उघडायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

उघडायचा नाही पण तपासायचा मात्र जरूर. शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज घ्या आणि टार्गेटचा रकाना कर्सरने शेवटपर्यंत वाचा. साध्या शॉर्टकटमध्ये तिथे फोल्डरचा किंवा प्रोग्रामचा पत्ता असतो. इथे मात्र सीएमडी, डब्ल्यूस्क्रिप्ट किंवा रनडीएलएल३२ असं काहीतरी दिसेल आणि पुढे एका फाइलचं विचित्र नाव. ते नाव कागदावर उतरवून घ्या, तीच चोरटी फाइल, पेनड्राइव्हवर तीच शोधून उडवायचीय.

आता क्रम महत्त्वाचा आहे. आधी कॉम्प्युटर साफ करायचा, मग पेनड्राइव्ह. उलटं केलं तर पेनड्राइव्ह साफ करून होईपर्यंत कॉम्प्युटरमधला व्हायरस पुन्हा शॉर्टकट बनवतो आणि तुम्ही दिवसभर तेच करत बसता. टास्क मॅनेजर उघडा, त्यात विंडोज बेस्ड स्क्रिप्ट होस्ट नावाचं काही चालू असेल आणि तुम्ही स्वतः कुठली स्क्रिप्ट चालवत नसाल तर ते एंड टास्क करा. मग विंडोज आणि आर एकत्र दाबून शेल कोलन स्टार्टअप टाका, उघडलेल्या फोल्डरमध्ये ओळखीची नसलेली स्क्रिप्ट किंवा शॉर्टकट असेल तर काढा. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्येही नजर टाका. त्यानंतर विंडोज सिक्युरिटीमधून फुल स्कॅन, आणि त्यातच ऑफलाइन स्कॅन असा पर्याय आहे, त्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधी स्कॅन होतो, हट्टी व्हायरससाठी तोच बरा.

मग पेनड्राइव्ह लावायचा, त्याचाही स्कॅन, मग वरची अ‍ॅट्रिबची कमांड. फोल्डर दिसायला लागले की शॉर्टकट आणि ती स्क्रिप्ट डिलीट. एक प्रकार असा आहे की त्यात सगळा डेटा एका बिननावाच्या फोल्डरमध्ये कोंबलेला असतो, फोल्डरच्या नावाच्या जागी फक्त न दिसणारी स्पेस असते आणि आयकॉन ड्राइव्हचा, त्यामुळे नजर त्याच्यावरून घसरून जाते. कमांड चालवल्यावरही खरे फोल्डर दिसले नाहीत पण यूज्ड स्पेस भरलेलाच आहे, तर हा बिननावाचा फोल्डर शोधा, आत जा, सगळं कट करून बाहेर नवीन फोल्डरमध्ये पेस्ट करा.

फोल्डरसारखा दिसणारा पण खरा प्रोग्राम असणारा एक जुना प्रकारही अजून फिरतो, न्यू फोल्डर डॉट ईएक्सई. तो ओळखायचा तर व्ह्यूमध्ये फाइल नेम एक्स्टेन्शन्स ही टिक कायम चालू ठेवा. खऱ्या फोल्डरच्या नावापुढे डॉट ईएक्सई कधीच नसतं. ही टिक विंडोज आपणहून बंद ठेवतं आणि मला ते अजिबात पटत नाही, प्रत्येक नवीन कॉम्प्युटरवर पहिलं काम हेच करावं.

आणखी एक खूण सांगतो. हिडन फाइल दाखवा असं सेटिंग केलं, ओके केलं, पुन्हा जाऊन बघितलं तर आपोआप परत नका दाखवू वर गेलेलं. हे व्हायरसने रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही, बदलल्यावर होतं. रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीनखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर, अ‍ॅडव्हान्स्ड, फोल्डर, हिडन, शो ऑल इथपर्यंत जा, उजवीकडे चेक्ड व्हॅल्यू नावाची नोंद असते, तिची किंमत १ हवी. ० असेल तर १ करा. रजिस्ट्रीत याआधी कधी गेला नसाल तर जाणकाराला शेजारी बसवा, तिथे चुकीच्या ठिकाणी हात लागलेला परवडत नाही.

पेनड्राइव्ह लावल्या लावल्या आपोआप प्रोग्राम चालू व्हायचा तो जुना ऑटोरनचा रस्ता विंडोज ७ पासून बंद झालाय आणि एक्सपी-व्हिस्टासाठी २०११ मध्ये अपडेट येऊन गेलं. म्हणूनच आता व्हायरसला तुमच्या डबल क्लिकची गरज पडते, आणि म्हणूनच तो शॉर्टकट न उघडण्याला इतकं महत्त्व आहे.

कॉपी केलं, पण पोचलं नाही

फोल्डरच्या आत जाऊन कंट्रोल ए, कंट्रोल सी केलं तर फक्त दिसणाऱ्या फाइल निवडल्या जातात, लपलेल्या मागेच राहतात. पण एक पायरी बाहेर येऊन तो अख्खा फोल्डर कॉपी केला तर आतलं लपलेलंही सोबत येतं. म्हणून बॅकअप घेताना नेहमी बाहेरून फोल्डर उचला. आणि हिडनचा अ‍ॅट्रिब्यूट फाइलसोबत कॉपी होतो, त्यामुळे नवीन जागीही ती लपलेलीच राहते आणि माणसाला वाटतं कॉपीच झाली नाही, मग तो पुन्हा करतो आणि विंडोज विचारतं आधीच आहे, रिप्लेस करू का.

रोबोकॉपी हे विंडोजमधलंच कमांडने कॉपी करायचं टूल, त्यात याचा एक भारी गोंधळ होतो, आणि तो माहीत नसला तर छातीत धस्स होतं. अख्खा डी ड्राइव्ह ई ड्राइव्हवरच्या बॅकअप नावाच्या फोल्डरमध्ये घेतला, तासभर कॉपी चालली, रिपोर्टमध्ये सगळं व्यवस्थित, आणि ई उघडला तर बॅकअप नावाचा फोल्डरच नाही! झालेलं असं असतं की ड्राइव्हच्या मुळाला, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीला, विंडोजने स्वतःच हिडन आणि सिस्टीम लावलेलं असतं, आणि रोबोकॉपी ते इमानदारीने तुमच्या बॅकअप फोल्डरला लावतं. डेटा पूर्ण असतो. ए टी टी आर आय बी, स्पेस, मायनस एच, स्पेस, मायनस एस, स्पेस, ई कोलन बॅकस्लॅश बॅकअप, एवढं टाकलं की फोल्डर समोर.

तरी मोठ्या कॉपीसाठी मी रोबोकॉपीच सुचवेन, अर्ध्यात लाइट गेली तरी परत तीच कमांड चालवली की झालेल्या फाइल सोडून पुढे सुरू होतं. कमांड अशी: रोबोकॉपी, आर ओ बी ओ सी ओ पी वाय, स्पेस, डी कोलन बॅकस्लॅश, स्पेस, ई कोलन बॅकस्लॅश बॅकअप, स्पेस, स्लॅश ई, स्पेस, स्लॅश आर कोलन १, स्पेस, स्लॅश डब्ल्यू कोलन १, स्पेस, स्लॅश एक्सजे. यातलं आर आणि डब्ल्यू सोडू नका. ते नाही दिलं तर एखादी फाइल कॉपी होत नसेल तेव्हा रोबोकॉपी तिच्यावर १० लाख वेळा प्रयत्न करतं आणि प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबतं, म्हणजे तुमच्या दृष्टीने कायमचं अडकलं. फोल्डरच्या नावात स्पेस असेल तर नावाला डबल कोट लावा, पण नुसता डी कोलन बॅकस्लॅश असेल तर कोट लावू नका, शेवटचा बॅकस्लॅश आणि कोट एकत्र आले की कमांड गडबडते. आणि स्लॅश एमआयआर असं कुठे वाचलं तर ते काय करतं ते समजल्याशिवाय टाकू नका, मूळ जागी नसलेल्या सगळ्या फाइल ते बॅकअपमधून उडवतं.

चार जीबीची भिंत

पेनड्राइव्हवर २० जीबी मोकळी आहे, फाइल ६ जीबीची, आणि विंडोज म्हणतं फाइल खूप मोठी आहे. लग्नाच्या व्हिडिओला हे हमखास होतं. फॅट३२, एक्सफॅट, एनटीएफएस या फाइल सिस्टीमच्या पद्धती, ३२ जीबीपर्यंतचे पेनड्राइव्ह बहुतेक फॅट३२ मध्ये येतात आणि फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीहून एक बाइट कमी एवढीच मोठी असू शकते, मोकळी जागा कितीही असू दे. उपाय म्हणजे पेनड्राइव्हवरचा डेटा काढून घेऊन तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करायचा, विंडोज, मॅक आणि बरेचसे नवीन टीव्ही तो वाचतात. डेटा काढायला दुसरी जागाच नसेल तर सी ओ एन व्ही ई आर टी, स्पेस, ई कोलन, स्पेस, स्लॅश एफ एस कोलन एनटीएफएस, याने डेटा न जाता एनटीएफएस होतं. पण काही टीव्ही आणि गाडीतले म्युझिक सिस्टीम एनटीएफएस वाचत नाहीत आणि मॅकवर त्यात नवीन फाइल टाकता येत नाही, तेव्हा कुठे वापरायचाय ते बघून ठरवा.

नाव लांब, नाव चुकीचं

आपल्याकडच्या ऑफिसांमध्ये फोल्डरची नावं म्हणजे अख्खा पत्राचा विषय असतो. ग्रामपंचायत कार्यालय, त्यात सन २०२३-२४ वार्षिक लेखापरीक्षण अहवाल व अनुपालन, त्यात प्राप्त पत्रव्यवहार, त्यात पुन्हा तेवढ्याच लांबीचं पीडीएफ. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या शेवटापर्यंत सगळा पत्ता धरून २६० कॅरेक्टरची जुनी मर्यादा आहे, आणि फाइल एक्सप्लोरर अजून तिलाच अडतो. मराठीत ती लवकर संपते, कारण काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ग्रामपंचायत हा शब्द डोळ्याला सहा अक्षरांचा, कॉम्प्युटरला मात्र ११ कॅरेक्टरचा.

गंमत म्हणजे डी ड्राइव्हवर तोच फोल्डर छान चालतो आणि डेस्कटॉपवर कॉपी करताना पाथ टू लाँग येतं. कारण डेस्कटॉप म्हणजे सी, मग यूजर्स, मग तुमचं नाव, कधी त्यात वनड्राइव्ह, मग डेस्कटॉप, एवढा पत्ता आधीच खर्च झालेला असतो. म्हणून असा फोल्डर थेट ड्राइव्हच्या मुळाशी कॉपी करा. तरी जमलं नाही तर वरच्या दोन-तीन फोल्डरची नावं लहान करा. नावं बदलायची परवानगी नसेल तर एस यू बी एस टी, स्पेस, एक्स कोलन, स्पेस आणि डबल कोटमध्ये त्या लांबलचक फोल्डरचा पत्ता टाका, तो फोल्डर एक्स नावाचा वेगळा ड्राइव्ह म्हणून दिसायला लागतो, पत्ता लहान होतो आणि तिथून कॉपी होते. रोबोकॉपीला ही मर्यादा लागत नाही, त्यानेही काम होईल.

नावातल्या खुणांचंही बघा. स्लॅश, बॅकस्लॅश, कोलन, स्टार, प्रश्नचिन्ह, डबल कोट, लहान-मोठ्याच्या खुणा आणि उभी रेघ, एवढं विंडोजच्या फाइलनावात चालत नाही. त्यामुळे ७/१२ उतारा असं फोल्डरचं नाव देताच येत नाही, सातबारा किंवा ७-१२ लिहावं लागतं. मॅक किंवा लिनक्सवरून आलेल्या फाइलमध्ये यातली एखादी खूण असली तर विंडोजवर ती कॉपी होत नाही, तिथेच नाव बदलून आणा. नावाच्या शेवटी टिंब किंवा स्पेस असली तरी विंडोज गोंधळतं. आणि कॉन नावाचा फोल्डर का बनत नाही याच्या बऱ्याच गूढ कथा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, त्यात गूढ काही नाही, डॉसच्या काळापासून कॉन, पीआरएन, ऑक्स, नल ही कन्सोल, प्रिंटर वगैरेंसाठी राखीव नावं आहेत, तेवढंच.

परवानगी नाही म्हणतंय

जुन्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क काढून नवीनला लावली की त्यातला यूजरचा फोल्डर अ‍ॅक्सेस डिनाइड म्हणतो. डबल क्लिक केल्यावर कंटिन्यू येतं ते दाबा, बऱ्याचदा तेवढ्याने उघडतो. नाही तर कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, मग टी ए के ई ओ डब्ल्यू एन, स्पेस, स्लॅश एफ, स्पेस, डबल कोटमध्ये फोल्डरचा पत्ता, स्पेस, स्लॅश आर, स्पेस, स्लॅश डी, स्पेस, वाय. त्यानंतर आय सी ए सी एल एस, स्पेस, तोच पत्ता, स्पेस, स्लॅश ग्रँट, स्पेस, तुमचं यूजरनेम कोलन एफ, स्पेस, स्लॅश टी. हे फक्त जुन्या डिस्कवरच्या तुमच्या डेटावर करायचं, चालू विंडोजच्या फोल्डरवर नाही.

प्रोटेक्टेड फाइल दाखवा केल्यावर सी ड्राइव्हमध्ये डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज, आणि यूजरच्या फोल्डरमध्ये माय डॉक्युमेंट्स, अ‍ॅप्लिकेशन डेटा असे बाणवाले फोल्डर दिसतात आणि तेही अ‍ॅक्सेस डिनाइड म्हणतात. तो शॉर्टकट व्हायरस नाही, ते एक्सपीच्या काळातल्या प्रोग्रामसाठी विंडोजने ठेवलेले दिशादर्शक आहेत, आत स्वतःचा डेटा नसतो. त्यांच्यावर परवानगीचे प्रयोग करू नका. वर रोबोकॉपीत स्लॅश एक्सजे घातलंय ते यांना वगळण्यासाठीच.

फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये रीड ओन्लीसमोर चौकोन भरलेला दिसतो, कितीही काढला तरी परत येतो, त्याच्या मागे लागू नका, फोल्डरसाठी त्याचा अर्थच वेगळा आहे आणि कॉपी त्याच्यामुळे अडत नाही. मेमरी कार्ड राइट प्रोटेक्टेड म्हणत असेल तर आधी कार्डाच्या किंवा अ‍ॅडाप्टरच्या कडेची छोटी लॉकची खिट्टी बघा. आणि फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे असं आलं तर अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर, आउटलुक, एक्सेल बंद करूनच बॅकअप घ्या. फाइलवर निळ्या ढगाची खूण असेल तर ती तुमच्या कॉम्प्युटरवर नाहीच, वनड्राइव्हवर आहे, इंटरनेट चालू ठेवून राइट क्लिक करून ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस करा, उतरली की मग कॉपी करा.

अडकते, फार हळू चालते

हजारो बारीक फाइल असतील तर वेग पडणारच, झिप करून एकच फाइल पाठवा. मागच्या काळ्या यूएसबीऐवजी निळ्यात लावून बघा. पण सीआरसीची, म्हणजे डेटा नीट वाचता न आल्याची, एरर आली, किंवा ठराविक एकाच फाइलवर प्रत्येक वेळी थांबतंय आणि हार्डडिस्क टक टक आवाज करतेय, तर ती डिस्क जायला आलीय. आधी जे जीवाचं आहे ते बाहेर काढा. लोक लगेच चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं टूल, चालवतात, तो नंतरचा उद्योग आहे, आजारी डिस्कला त्याने आणखी ताण पडतो आणि दुरुस्तीच्या नादात फाइलचे तुकडे होऊ शकतात. चेकडिस्क होऊन गेलं असेल आणि काही फाइल गायब झाल्या असतील तर ड्राइव्हवर फाउंड डॉट झिरो झिरो झिरो असा लपलेला फोल्डर शोधा, त्यात डॉट सीएचके नावाने सापडलेले तुकडे असतात. फोटो होता असं वाटत असेल तर एखाद्याची कॉपी करून तिला डॉट जेपीजी नाव देऊन बघा, कधीकधी उघडतो.

अगदी स्वस्तात एक टीबी म्हणून मिळणाऱ्या पेनड्राइव्हपासून लांब राहा. आत खरी जागा थोडीच असते, फाइलची नावं सगळी दिसतात, साइजही बरोबर, आणि उघडायला गेलं की करप्ट. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट टूल अख्खा ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं, नवीन पेनड्राइव्ह रिकामा असतानाच ते चालवा.

फोनवरून कॉपी करताना

केबल लावल्यावर फोन दिसतो पण आत काही नाही, तर फोनवरच्या नोटिफिकेशनमध्ये चार्जिंगऐवजी फाइल ट्रान्सफर निवडा. व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो अँड्रॉइड ११ पासून अँड्रॉइड, मग मीडिया, मग कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप अशा फोल्डरात असतात, जुन्या जागी शोधून सापडत नाहीत. पाठवलेले फोटो गॅलरीत दिसत नाहीत कारण त्या सेंट फोल्डरमध्ये डॉट नोमीडिया नावाची रिकामी फाइल असते, ती असली की गॅलरी तो फोल्डर सोडून देते, पण कॉम्प्युटरवरून कॉपी केलं की ते सगळे येतात. कॅमेऱ्याने आत्ता काढलेला फोटो कॉम्प्युटरवर दिसत नसेल तर फोन एकदा रीस्टार्ट करून परत लावा. आणि फोनमधून कट-पेस्ट कधी करू नका, मध्येच केबल हलली तर फाइल ना इकडे ना तिकडे असं होऊ शकतं, कॉपीच करा. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलचा आकडा आणि साइज जुळवून बघा, साइज ऑन डिस्क वेगळं आलं तर काळजी नको, नुसती साइज जुळायला हवी. मग मधल्या चार-पाच फाइल खरोखर उघडून बघा आणि त्यानंतरच फोनमधल्या डिलीट करा.